वहीतले दोन रकाने



या वेळी एका बोक्याविषयी लिहीत आहोत. भक्तिपर लेखात बोका कशाला, असे कुणी म्हणेल तर त्यात चूक नाही. पण गेले पाच महिने आम्हाला दिवसातून दोनदा गुडघ्यावर बसवले ते या बोक्यानेच. आणि त्याच्यामुळे आमच्या घरातली एक गोष्ट उघडकीस आली. ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

भुऱ्या आमच्याकडे आठ वर्षे आहे. काचीगुडा स्टेशनाची १९१६ सालची घुमटांची इमारत आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिकडून परतताना एका पावसाळी संध्याकाळी हे पिल्लू आईच्या पिशवीत बसून घरी आले. तेव्हापासून ते आईचे. दुपारी ती जपमाळ घेऊन बसते तेव्हा तो तिच्या पायाशी असतो. दूध-चपाती खाऊन तो चांगला सात किलोंचा झाला होता.

मे महिन्यात तो फार पाणी पिऊ लागला. स्वतःची वाटी संपली की न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालायचा. वाळूच्या टबात लघवीचे मोठमोठे गोळे निघू लागले. आम्ही म्हणालो, हैदराबादचा उन्हाळा आहे, तहान लागणारच. खाणे वाढले होते, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. मग जूनमध्ये एके सकाळी तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालताना दिसला. तेव्हा कुठे आम्ही त्याला पिंजऱ्यात घालून रिक्षा केली.

डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर चारशेच्या वर होती. नुसत्या भीतीनेही मांजराची साखर चढते, म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइन नावाची आणखी एक तपासणी करायला लावली. गेल्या एक-दोन आठवड्यांत साखर साधारण किती राहिली, ते तिच्यावरून कळते. तीही वाढलेलीच निघाली. ‘मधुमेह आहे. साखर फार दिवस जास्त राहिली, त्याने पायांच्या नसा दुखावल्या आहेत. दर बारा तासांनी इन्सुलिन द्यावे लागेल,’ डॉक्टर म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोघांच्याही मनात एकच होते: ही सुई टोचणार कोण?

औषधाचे नाव ग्लार्जिन. तेच आईही घेते. एकाच फ्रिजमध्ये मधल्या फळीवर दोन डबे झाले, एक आईचा आणि एक भुऱ्याचा. फरक एवढाच, की आईला वीस युनिट आणि भुऱ्याला फक्त एक. डॉक्टरांनी बजावले, की सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाची चाळीसच्या औषधासाठी आणि केशरी टोपणाची शंभरच्या औषधासाठी. शंभरचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरले, तर डोस अडीचपट जातो. तेव्हापासून दुकानात आम्ही आधी टोपणाचा रंग पाहतो.

पहिला आठवडा वाईट गेला. हात थरथरायचे. मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरायची, तिचा तंबू करायचा आणि सुई आत घालायची, असे शिकवले होते. एकदा सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि औषध केसांवर सांडले. आत किती गेले, कळेना. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘पुन्हा देऊ नका. एक वेळ चुकली तर साखर थोडी वाढेल, पण दुप्पट गेले तर जिवावर बेतेल.’ हे वाक्य आम्ही फ्रिजवर चिकटवले.

दूध-चपाती बंद झाली. मांजर हा मूळचा मांसाहारी जीव, पीठ आणि साखर त्याला फारशी लागतच नाही. नुसते उकडलेले चिकनही पुरे पडत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले कमी पिठाचे ओले खाणे आणू लागलो. कानाच्या कडेला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायला शिकलो. आधी कोमट कापडाने कान शेकायचा आणि नंतर चिकनचा तुकडा द्यायचा. महिन्याभरात भुऱ्या स्वतःहून कान पुढे करू लागला. आमच्यापेक्षा तोच लवकर शिकला.

खर्चाबद्दल एका भगिनीने मिस्सानंतर विचारले, ‘एवढे पैसे बोक्यावर? गरीब नाहीत का आपल्या धर्मग्रामात?’ आम्हाला उत्तर सुचले नाही. बेथानीच्या सुगंधी तेलाची गोष्ट आठवली, पण ती आपल्या सोयीने वापरणे बरे वाटले नाही. प्रश्न योग्यच होता. घरी येऊन आम्ही हिशेब मांडला, बाहेरचे खाणे बंद केले आणि गरिबांच्या पेटीत टाकायची रक्कम होती तेवढीच ठेवली. एवढेच जमले. पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांचा बारावा अध्याय नीतिमान माणसाची एक खूण सांगतो, की तो आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष देतो. तिथे ही खूण दानधर्माच्या जागी दिलेली नाही, आणि आम्हीही ती त्या जागी ठेवू नये, एवढे त्या भगिनीमुळे समजले.

मग १५ ऑगस्ट आला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. घरी पाहुणे होते, स्वयंपाकघरात गर्दी होती. संध्याकाळी सातला एकाने इन्सुलिन दिले. सव्वासातला दुसऱ्याने दिले. दोघांनाही वाटले, आपणच दिले. गोंधळात भुऱ्याने खाल्लेही अर्धेच. रात्री अकराला तो पलंगाखालून बाहेर आला तो झोकांड्या खात. डोळे मोठे झालेले, हाक मारली तर ओळख नाही. मीटरवर आकडा आला ४८.

काय करायचे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले होते, म्हणून निभावले. बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळला. घशात ओतायचा नाही, श्वासनलिकेत जाऊ शकतो. डॉक्टरांना फोन लावला. पंधरा मिनिटांनी त्याने डोके उचलले, तेव्हा खाणे पुढे ठेवले. मग पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने कान टोचला. त्या रात्री केलेली प्रार्थना काही सुंदर नव्हती. प्रभू, आमच्या बेपर्वाईची शिक्षा याला देऊ नकोस, एवढीच होती. स्टेशनातून पहाटेच्या गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा आकडा १६० होता आणि भुऱ्या आईच्या पायाशी झोपला होता.

दुसऱ्या दिवसापासून वहीत रकाना आखला. वेळ, साखर, किती खाल्ले, किती युनिट, कोणी दिले. सही केल्याशिवाय सिरिंज टाकायची नाही.

दहा-बारा दिवस आई हे सारे पाहत होती. एके संध्याकाळी आम्ही वहीत लिहीत असताना ती म्हणाली, ‘त्याचं लिहून ठेवता. माझं कोण लिहितं?’

आम्ही हसलो. ती हसली नाही.

हळूहळू तिने सांगितले. बाबा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षे, ती रात्रीचे इन्सुलिन कितीदा तरी टाळत होती. बाबा असताना तेच आठवण करायचे. आता जेवणाच्या वेळी सुई काढायची, आम्ही दमून आलेलो, मध्येच उठायचे, तिला नको वाटायचे. ‘तुमच्या मागे काय कमी कामं आहेत?’ असे म्हणाली. फ्रिजमध्ये तिचा डबा आम्ही रोज पाहत होतो. महिन्याला औषध आणून ठेवत होतो. ते संपते का, हे एकदाही पाहिले नव्हते.

बंधुभगिनींनो, आम्ही दर वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना शिकवतो. रोजचा रोज गोळा करायचा, उद्यासाठी साठवला तर किडे पडतात. मुले किड्यांना हसतात आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळतो. इन्सुलिनही तसेच आहे. कालच्या सुईने आज भागत नाही. आणि प्रेमही तसेच असावे. आईवर आमचे प्रेम आहे, यात आम्हाला कधी शंका नव्हती. पण ते आम्ही साठवून ठेवले होते.

येत्या १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन आहे. फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. १९२१ साली टोरांटोत त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन मिळवले. जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा टोचले गेले. ते औषध बैलांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते. आमची आई आज जगते आहे त्यात त्या मुक्या जिवांचा वाटा आहे. भुऱ्याला रोज एक युनिट देताना आम्हाला हे ऋण आठवते.

भुऱ्या आता टाचा उचलून चालतो. साखर बहुतेक दोनशेच्या आत राहते. काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटते, असे डॉक्टर सांगतात. त्याचे सुटेल किंवा सुटणार नाही. आईला तिच्या डॉक्टरांकडे नेले. तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल चांगला नव्हता. आता पुढचा अहवाल डिसेंबरात, नाताळच्या आधी येईल. तिच्यासाठी प्रार्थना करावी, ही विनंती.

वहीत आता दोन रकाने आहेत. रात्री आठ वाजता आई स्वतःच हाक मारते, ‘चला, आधी त्याचं, मग माझं.’ आपल्या घरातही फ्रिजमध्ये असा एखादा डबा असेल. आज रात्री तो एकदा उघडून पाहा, आणि ज्याचा आहे त्याला विचारा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.