शेराचा पत्ता

मराठी काव्यसमीक्षेचे एकक ग्रंथ हे आहे. कवीचा विचार एका संग्रहाकडून दुसऱ्या संग्रहाकडे सरकत जातो. नियतकालिकात प्रसिद्ध झालेली कविता हा संग्रहाच्या वाटेवरचा मुक्काम मानला जातो, आणि संग्रहात न आलेली कविता कवीनेच मागे ठेवली, म्हणून ती दुय्यम, असे गृहीत धरले जाते. 'सत्यकथे'च्या काळात हे गृहीत बऱ्याच अंशी निभावूनही गेले. वसंत आबाजी डहाके यांची 'योगभ्रष्ट' ही दीर्घकविता १९६६ मध्ये 'सत्यकथे'त आली आणि त्याच नावाचा संग्रह १९७२ मध्ये निघाला. मधल्या सहा वर्षांत ती शोधणाऱ्याला अंक हाती लागत होता. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडल्यानंतरही तिचे बांधीव खंड ग्रंथालयात राहिले. मुक्काम हलला तरी त्याची खूण उरत होती.

अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यातील गझलेबाबत मात्र गेल्या दोन दशकांत ही व्यवस्था पुरेनाशी झाली आहे. येथील कितीतरी गझलकारांची रचना प्रथम, आणि पुष्कळदा अखेरचीही, आंतरजालावरील अंकांतून प्रसिद्ध झालेली आहे. तिचा विचार कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या संहितेवरून करावयाचा, हा प्रश्न केवळ सूचिकाराचा नाही. तो गझल या रूपबंधाच्या स्वभावाशीच निगडित आहे.

या प्रश्नाचे मूळ सुरेश भटांपर्यंत मागे नेता येते. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेल्या या कवीचे 'रूपगंधा' (१९६१), 'रंग माझा वेगळा' (१९७४), 'एल्गार' (१९८३) आणि 'झंझावात' (१९९४) हे संग्रह सर्वांना ठाऊक आहेत. तथापि भटांची गझल महाराष्ट्रभर पसरली ती केवळ संग्रहांमुळे नव्हे. ती मैफलीतून ऐकली गेली, गाण्यातून घराघरांत गेली, आणि नव्याने लिहू पाहणाऱ्यांपर्यंत टपालाने पोहोचली. 'गझलेची बाराखडी' ही त्यांची छोटेखानी पुस्तिका आणि होतकरू कवींशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार यांना मराठी गझलेच्या इतिहासात एखाद्या संग्रहाइतकेच स्थान द्यावयास हवे. उर्दू परंपरेत उस्तादाकडून शागिर्दाला मिळणारी 'इस्लाह' समोरासमोर बसून होई, तशी पत्रांतूनही होई. भटांनीही ती पाकिटात घातली. १४ मार्च २००३ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संकेतस्थळावर ती बाराखडी सर्वांना खुली झाली आणि तिच्याच शेजारी नव्या गझलकारांच्या रचनाही येऊ लागल्या. पाकिटाची जागा पडद्याने घेतली, एवढेच म्हणून हे स्थित्यंतर संपत नाही. पत्र एकाला लिहिलेले असते आणि त्यातील दुरुस्ती दोघांत राहते. अंक सर्वांसमोर असतो, आणि त्यात दुरुस्ती केलेली दिसतच नाही.

गझल वऱ्हाडात का रुजली, याची चर्चा बहुधा भटांच्या प्रतिभेपाशी येऊन थांबते. ती थोडी मागे न्यावयास हवी. अचलपूरची इमादशाही, पुढे निजामाचा अंमल आणि १८५३ नंतर इंग्रजांकडे गेलेला कारभार, अशा इतिहासातून आलेल्या या प्रदेशात उर्दू ही परक्याची भाषा नव्हती. अचलपूर, बाळापूर, अकोला येथील बाजारात आणि मोहल्ल्यांत ती कानावर पडत राहिली. वृत्त पुस्तकातून शिकता येते; रदीफ कोठे येऊन थांबणार याची उत्सुकता मात्र कानानेच शिकावी लागते. माधव जूलियनांनी 'गज्जलांजली'तून हा प्रकार मराठीत आणताना फारसीच्या व्यासंगाचा आधार घेतला होता. वऱ्हाडातील गझलकाराला तो आधार शेजारच्या गल्लीत मिळत होता. अमरावती जिल्ह्यातील आष्टगावचे भीमराव पांचाळे यांच्या गायनाने हाच कान पुढे मराठी श्रोत्यांपुरता तयार केला.

या पार्श्वभूमीवर अकोल्याहून डॉ. श्रीकृष्ण राऊत यांनी संपादित केलेल्या 'गझलकार : सीमोल्लंघन' या आंतरजालीय वार्षिकांकाकडे पाहावयास हवे. 'गुलाल'सारखा गझलसंग्रह नावावर असलेल्या कवीने दसऱ्याच्या निमित्ताने दरवर्षी गझलेचा स्वतंत्र विशेषांक काढावा, यातील औचित्य नावापासूनच सुरू होते. मराठीत वार्षिक वाङ्मयीन उत्सव म्हणजे दिवाळी अंक. १९०९ च्या 'मनोरंजना'पासूनची ती रूढी. आणि दिवाळी अंकाचा कारभार प्रामुख्याने पुण्यामुंबईचा. अकोल्याच्या अंकाने दिवाळीच्या आधीचा सण निवडला आणि शीव ओलांडली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण येथे रूपकापेक्षा व्यवहार अधिक महत्त्वाचा आहे. छापील नियतकालिकात गझल बहुधा पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत येई. सात शेरांची गझल जागेअभावी चार शेरांची होई, आणि संपादकाला त्यात काही गैर वाटत नसे. प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असते, हे गझलेचेच तत्त्व त्याच्या कात्रीला समर्थन पुरवी. पडद्यावरील अंकात जागेचा तुटवडा नव्हता. मतल्यापासून अखेरच्या शेरापर्यंत रचना जशी लिहिली तशी उभी राहिली आणि तिच्या शेजारी गझलविषयक गद्यालाही जागा मिळाली. गझलेला 'मंचीय' म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने ही पाने पाहिली असती, तर तिला निदान आपला आक्षेप नव्याने मांडावा लागला असता.

परंतु संपादकाची कात्री गेली आणि ती वाचकाच्या हाती आली. शेर सुटा होतो, आवडतो, उचलला जातो, हातोहात पुढे जातो. मुशायऱ्यातही तो असाच पाठ होऊन घरी जात असे. मात्र तेथे तो म्हणणाऱ्याचा चेहरा ऐकणाऱ्याने पाहिलेला असे. जुन्या परंपरेत मक्त्यात कवीचे तखल्लुस गुंफलेले असे, म्हणजे निदान एका शेरात तरी स्वाक्षरी कवितेच्या आतच असे. मराठी गझलेने तखल्लुसाची रीत बहुतांशी सोडून दिली. परिणामी सुट्या शेराला अंगभूत पत्ताच उरला नाही. अकोल्यातील एखाद्या कवीचा शेर वर्षभरात निनावी होतो आणि पुढे एखाद्या अधिक प्रसिद्ध नावाखाली परत येतो. पुष्कळदा ते नाव भटांचे असते. यात कवीचा तोटा उघड आहे; भटांचाही आहे, कारण न लिहिलेल्या ओळींचे ओझे त्यांच्या शैलीच्या अभ्यासावर पडते.

संहितेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. शुद्धलेखन नियमांनी वृत्ताच्या बंधनामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य कवीला दिले आहे. गझलकार ते स्वातंत्र्य मात्रा मोजून घेतो. 'परंतु'च्या जागी तो 'परंतू' लिहितो, कारण त्या ठिकाणी त्याला गुरू हवा असतो. ती ओळ उतरवून घेणारा सुशिक्षित वाचक सद्भावनेने 'परंतु' करतो, आणि एक मात्रा गळते. अशा दोन-तीन दुरुस्त्यांनंतर कवीला वृत्त सांभाळता येत नाही असा शेरा मारावयास समीक्षक मोकळा होतो. वऱ्हाडी कवीच्या बाबतीत हा धोका दुहेरी आहे. ज्या बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो तिच्यात वाढलेला माणूस गझल लिहिताना प्रमाण लेखन जाणीवपूर्वक पत्करतो. त्याची चूक दिसली की ती बोलीची म्हणून खपवली जाते किंवा अडाणीपणाची म्हणून हिणवली जाते. ती नकलकाराची असू शकेल, ही शंका सहसा कोणाला येत नाही. अशा वेळी मूळ अंक पाहणे एवढाच उपाय उरतो.

आणि मूळ अंकच टिकेल याची शाश्वती नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत चढवला जाई. टंक गेला की पानावर निरर्थक चिन्हे उरत. हजारो हौशी पाने सांभाळणारी 'जिओसिटीज'ची सेवा २००९ मध्ये आवरली गेली, तेव्हा तिच्यावरील मजकुराला छापील अंकासारखी रद्दीच्या दुकानाचीही आशा नव्हती. विद्यापीठीय व्यवस्थेला या हानीची जाणीव उशिरा होईल असे दिसते. २०१० च्या नियमावलीने अध्यापकांना गुणांकांची मोजदाद शिकवली. आयएसबीएन वा आयएसएसएन नसलेले लेखन त्या मोजदादीत बसेना, आणि जे मोजले जात नाही ते हळूहळू वाचनातूनही उतरते. (ज्यांना हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी अलीकडच्या प्रबंधांतील संदर्भसूची चाळाव्यात.) अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले; त्याच्या परिसरातील गझलेवर प्रबंध लिहिणाऱ्याला आज संग्रह सापडतील, अंक सापडतीलच असे नाही.

ते सापडले तरी एक अडचण राहते. छापील अंकातील चूक पुढच्या अंकात शुद्धिपत्राने कबूल केली जाते. संग्रहाची दुसरी आवृत्ती आपण दुसरी असल्याचे सांगते. पडद्यावरील शेर कवीने वा संपादकाने रात्रीतून बदलला, तर पूर्वीचा पाठ होता याची खूणही उरत नाही. 'इस्लाह' तेथे अखंड चालू राहू शकते आणि कोणाच्याही नकळत. कवीला हे वरदान वाटेल. पाठभेदांवरून कवीची घडण वाचू पाहणाऱ्याने मात्र रचना कोणत्या दिवशी पाहिली ती तारीख लिहून ठेवावी, आणि शक्य असेल तर त्या दिवशीचे पान कागदावर उतरवून ग्रंथालयात द्यावे. तेथे ते कोणत्या वर्गांकाखाली लावावयाचे, याचा निर्णय ग्रंथपालाला करावा लागेल.