काढलेलं तांबं

पावसाळ्यात कर्जतजवळच्या कोंडाण्यात आर्ट पेपर सपाट राहत नाही. कडा वळतात, मधे फुगा येतो. असा दमट कागद लेझर प्रिंटरमध्ये घातला की आतल्या उष्णतेनं त्यातली वाफ सुटते आणि टोनर ठिकठिकाणी उचलला जातो. त्यामुळे जून ते सप्टेंबर कागद सिलिका जेलच्या पुड्यांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून गाठ मारून. फेरिक क्लोराईडची बाटलीही तशीच घट्ट. ते हवेतलं पाणी ओढतं आणि खडे बघता बघता चिखल होतात.

•

ज्यांनी घरी सर्किट बोर्ड कधी केला नाही त्यांच्यासाठी कृती. सर्किटचे ट्रॅक संगणकावर आखायचे. आर्ट पेपरवर लेझर प्रिंट काढायची, जमेल तितकी काळीकुट्ट. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला बोर्ड मिळतो. तो घासणीनं चकचकीत घासून थिनरनं पुसायचा. छापील बाजू तांब्यावर पालथी घालून वरून गरम इस्त्री दाबायची. टोनर वितळून तांब्याला धरतो. मग सगळं पाण्यात टाकून कागद बोटानं चोळून काढायचा. काळ्या नक्षीखालचं तांबं वाचतं, उघडं तांबं फेरिक खातं. शेवटी थिनरनं टोनर पुसायचा, भोकं पाडायची, पार्ट बसवून डाग द्यायचे.

सगळा खटाटोप बऱ्याचदा टाकी भरल्यावर वाजणाऱ्या बजरसाठी. एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर.

•

हे चालतं कारण टोनर म्हणजे शाई नव्हेच, तो प्लॅस्टिकचा भुगा आहे. शाईत प्लॅस्टिक नसतं, म्हणून इंकजेटची प्रिंट इथं निरुपयोगी. झेरॉक्स मात्र चालते. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याला आपला आर्ट पेपर देऊन ‘जरा डार्क काढा’ म्हटलं की काम होतं.

•

चेस्टर कार्लसननं २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली झेरॉक्स काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर होता. तो रुमालानं घासून त्यात वीज भरली, काचेवर लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव त्यावर धरून उजेड पाडला आणि वर लायकोपोडियमची भुकटी भुरभुरली. अक्षरं उमटली ती पत्र्यावर. मग मेणकागद दाबून, तापवून ती कागदावर उचलली. धातूवरून कागदावर, उष्णतेच्या जोरावर. घरी बोर्ड करणारे तोच प्रवास परतीच्या वाटेनं करतात.

•

उलट-सुलटचा घोळ. पार्ट ज्या बाजूला बसतात तिकडून बघितल्यावर ट्रॅक जसे दिसतील तसेच छापायचे. कागद पालथा पडताना नक्षी आपोआप उलटते, आणि तांब्याच्या बाजूनं ती तशीच उलटी हवी असते. खात्रीसाठी तांब्याच्या थरात कोपऱ्यात एक अक्षर टाकावं. कागदावर उलटं दिसलं तर बोर्डावर सुलटं येईल. कागदावरच सुलटं दिसत असेल तर इस्त्री तापवू नये.

•

छापखानेवाल्यांनी हा घोळ दोनशे वर्षांपूर्वी सोडवला होता. शिळाप्रेसमध्ये दगडावर चिकट शाईनं लिहायचं, पण ते उलटं लिहायला लागे. म्हणून ट्रान्सफरचा कागद निघाला. कागदावर खळीचा किंवा डिंकाचा थर, त्यावर सुलटं लिहायचं, कागद ओलसर करून दगडावर दाबायचा. थर पाण्यानं सुटतो, शाई दगडावर राहते. आर्ट पेपरवरचा चिनी मातीचा गुळगुळीत थर आज तेच काम करतो: टोनर कागदाच्या तंतूंपर्यंत पोचतच नाही, म्हणून सुटतो. साधा झेरॉक्सचा कागद वापरला तर तंतू टोनरला धरून बसतात.

गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांगं छापली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढं मळवलीला गेला. कोंडाण्याहून राजमाची चढून गेलं की लोणावळा, त्याच्या पुढचंच स्टेशन. तिथं फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा आणि सगळे दगड एकमेकांशी केसाच्या अंतरानं जुळवायला लागायचे. दोन बाजूंचा बोर्ड करताना तीच कसरत: दोन्ही कागद उजेडासमोर धरून खुणा जुळवायच्या, कडेनं चिकटवून पाकीट करायचं आणि बोर्ड त्यात सरकवायचा.

पॉल आइसलर हा व्हिएन्नाचा इंजिनिअर. त्यानं १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटवर चालणारा रेडिओ बनवला. त्याआधी तो छपाईच्या धंद्यात वावरला होता. वायरी जोडण्याच्या प्रश्नाकडे त्यानं छापखान्यातून पाहिलं.

•

संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा बोर्ड करू नये. इस्त्रीची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते: २३० ऐवजी १८० आले तर ती जेमतेम साठ टक्के. थर्मोस्टॅट वेळ घेऊन पत्रा तापवतो खरा, पण थंड बोर्डावर टेकवली की तळाची उष्णता पटकन निघून जाते आणि भरून यायला उशीर लागतो. मधला भाग चिकटतो, कोपरे सुटतात. उपाय: बोर्ड आधीच तापवून घेणं, आणि कोपऱ्यांवर इस्त्रीचं टोक वेगळं फिरवणं.

इथून जवळच भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून मुंबईला वीज देतंय, ही गोष्ट अशा संध्याकाळी हमखास कुणीतरी काढतं.

•

सामान लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टनच. कर्जतहून दादर, तिथून वेस्टर्न लाइननं ग्रँट रोड. पुण्याच्या बाजूला ज्यांची ये-जा आहे ते पासोड्या विठोबाजवळून आणतात. बोर्ड दोन जातीचे: तपकिरी कागदी फिनॉलिक आणि हिरवट-पिवळा ग्लास इपॉक्सी. इपॉक्सी उष्णता सोसतो, पण कापताना काचेची धूळ उडते. ती छातीत जाऊ द्यायची नाही, पाणी लावून कापायचा. शिकणाऱ्यांना फिनॉलिक बरा.

•

फेरिकचे नियम. पाण्यात फेरिक टाकायचं, फेरिकवर पाणी ओतायचं नाही. विरघळताना ते चांगलंच तापतं. भांडं प्लॅस्टिकचं. स्टीलचं सिंक त्याला खाद्य आहे आणि जर्मनचं पातेलं तर फसफसून उकळी येईपर्यंत खातं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. कपड्यावरचा डाग जात नाही, शहाबादी फरशीवरचाही नाही. द्रावण कोमट असलं आणि डबा हलवत राहिलं तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

द्रावण खालीच नाही, आडवंही खातं. टोनरच्या कडेखाली शिरून ट्रॅक बारीक करतं. म्हणून घरच्या बोर्डात अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ट्रॅकचा हव्यास धरू नये.

•

कोंडाण्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली मानतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे: कान्हाचा शिष्य बलक यानं हे केलं, अशा अर्थाचा. लाकडी इमारतीची नक्कल कातळात केलेली आहे, आणि ती केली ती फक्त काढून टाकून. लेण्यात काही जोडता येत नाही. खांब म्हणजे जो दगड काढला नाही तो.

बोर्डही असाच होतो. फरक काढलेल्या मालात आहे. काळ्या दगडाचा चुरा दरीत गेला तरी दरीचं काही बिघडत नाही.

•

हिशेब. पत्र्याची जाडी ३५ मायक्रॉन. दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या बोर्डावर तांबं होतं साधारण ४.७ ग्रॅम. निम्मं खाल्लं गेलं तर सुमारे २.३ ग्रॅम द्रावणात उतरलं. आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पहिल्या मर्यादेनं मोजलं तर एका बोर्डाचं तांबं सुमारे ४६ हजार लिटर स्वच्छ पाण्याला पुरतं. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर.

•

बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. बोर्डो मिश्रणात मोरचूद घालतात ते तांबं बुरशी मारतं म्हणून. तेच तांबं शेवाळाला मारतं, माशांना मारतं, सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंनाही. आणि कोंडाण्याची मोरी शेवटी उल्हासला मिळते. नदी इथं नुकती डोंगरातून उतरलेली असते. पुढं कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण तिचं पाणी पितात. वालधुनी नदी मिळाल्यावर उल्हासचं काय होतं त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. वरच्या अंगाला राहणाऱ्यानं आपली मोरी आधी बघावी.

•

वापरलेल्या फेरिकचं काय करायचं: मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घालून पातळ करायचं. धुण्याचा सोडा चमच्याचमच्यानं टाकायचा; फेस येतो, घाई केली तर बादलीबाहेर येतो. फेस थांबेपर्यंत टाकत राहायचं. लिटमस निळा व्हायला लागला की थांबायचं. रात्रभर ठेवलं की तपकिरी-हिरवट गाळ तळाला बसतो. लोखंड आणि तांबं त्यात. वरचं पाणी निथळून घ्यायचं, गाळ जुन्या कापडातून गाळून वाळवायचा आणि सिमेंटमध्ये कालवून घट्ट करायचा. पाणी नितळ दिसलं म्हणून लगेच ओतायचं नाही, पुन्हा चिमूटभर सोडा टाकून बघायचा. आणखी गाळ धरला तर काम अपुरं आहे.

•

त्याहून स्वस्त उपाय आखणीत आहे. ट्रॅकमधल्या मोकळ्या जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत. सगळं तांबं ग्राउंडला जोडून तसंच सोडायचं, ट्रॅकभोवती फक्त चरी काढायच्या. निम्म्याऐवजी पाचवा हिस्सा तांबं निघतं, फेरिक जास्त दिवस चालतं, बोर्ड लवकर होतो, आणि सर्किटमध्ये बाहेरचा गोंगाटही कमी शिरतो. मोठ्या काळ्या पट्ट्यात टोनरला बारीक छिद्रं पडतात, ती मार्करनं बुजवायची.

•

फेरिकऐवजी क्युप्रिक क्लोराईड वापरणारेही आहेत. सुरुवात मिठाचं आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साईडनं. पुढं विरघळलेलं तांबंच नव्या तांब्याला खातं. हिरवं द्रावण काळपट झालं की माशांच्या टाकीतल्या पंपानं हवा सोडायची, अधूनमधून थोडं आम्ल. ते पुन्हा ताजं होतं. टाकून द्यायची वेळ फार क्वचित येते. पण आम्लाच्या वाफा घरातलं प्रत्येक लोखंडी अवजार गंजवतात. घराबाहेर, पडवीत, पोरांच्या हाताला लागणार नाही असं.

•

पाबळच्या विज्ञान आश्रमात हे काम वेगळ्या वाटेनं होतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला: शाळेतल्या मुलांनी हातानं काम करत विज्ञान शिकावं म्हणून. २००२ साली एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तिथं आली. फॅब लॅबच्या पद्धतीत लहान मिलिंग यंत्र तांबं कोरून काढतं, आणि त्यासाठी काचेची धूळ नको म्हणून फिनॉलिक बोर्ड घेतात. रसायन नाही. काढलेलं तांबं भुग्याच्या रूपात टेबलावर पडतं, ब्रशनं गोळा करता येतं. यंत्र मात्र प्रत्येक गावात कुठून येणार? इस्त्री येते.

•

आता बाहेरून बोर्ड करून घेणं सोपं झालंय. फाइल पाठवली की हिरवा रंग दिलेले, भोकं पाडलेले बोर्ड कुरिअरनं येतात. दहा हवे असतील तर तेच करावं. एक हवा असेल, आणि टाकीचा पंप आजच चालू व्हायला हवा असेल, तर घरचा. कारखान्यातही तांबं काढावंच लागतं. तिथं ते परत मिळवायची यंत्रणा बसवणं परवडतं, आपल्याकडं सोड्याची पुडी आहे.

•

शाळेत हा प्रयोग करायचा असेल तर क्रम बदलावा. पहिल्या तासाला सोड्याची बादली, लिटमस आणि गाळ. इस्त्री दुसऱ्या तासाला. शेवटी ठेवलेली सफाई घंटा वाजली की राहून जाते आणि डबा मोरीत रिकामा होतो. बादलीची सोय नसेल तर त्या दिवशी तयार भोकांच्या झिरो बोर्डवर डाग द्यायला शिकवावं. टाकीचा बजर त्यावरही वाजतो.