कुणी मरायला नको

५ डिसेंबर, शुक्रवार

गळीत हंगाम ऐन भरात आहे. कोडोलीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, त्यामुळे घरी पोहोचायलाच उशीर झाला. संध्याकाळी एक जुना विद्यार्थी आला. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. चहा होईपर्यंत यंदाच्या उताऱ्याबद्दल बोलत होता. मग एकदम म्हणाला, "मॅडम, दोन पुरुषांच्या प्रेमाची एखादी कादंबरी सांगा की. पण शेवटी कुणी मरायला नको."

स्वतःबद्दल त्याने मला कॉलेजात असतानाच सांगितलं होतं. घरी अजून बोललेला नाही. 'कोबाल्ट ब्लू' वाचलीय म्हणाला. "लई सुंदर आहे. पण नंतर चार दिवस जेवण गेलं नाही."

याद्या मी आजवर पुष्कळांना करून दिल्या. स्पर्धा परीक्षेच्या, बालवाङ्मयाच्या, नव्या सुनेला वाचायच्या. अशी यादी पहिल्यांदाच मागितली कुणी. मन लावून करणार आहे.

७ डिसेंबर, रविवार

सकाळभर घरचं कपाट उपसलं. मराठीतलं आधी बघावं म्हटलं.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मौजेने २००६ साली काढली. पुण्यातलं घर, पेइंग गेस्ट म्हणून आलेला तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊबहीण दोघंही. तनय त्या निघून गेलेल्या माणसाशीच बोलत राहतो, आणि पुढचा अर्धा भाग अनुजाची रोजनिशी. आज पुन्हा वाचताना जाणवलं की तनयला स्वतःची लाज वाटत नाही, त्याला फक्त तो माणूस हवा आहे. मराठीत तेवढंही फार मोठं होतं. जेरी पिंटोंनी ती २०१३ मध्ये इंग्रजीत नेली.

बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' मी वयात येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना आवर्जून देते. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू करणाऱ्या माणसाची कादंबरी ती. किती घरांतली रडारड त्याने समोर बसून ऐकली असेल. ती धीर देते, माहिती देते. प्रेमकथेची तहान मात्र तिने भागत नाही, आणि ते तिचं कामही नव्हे.

नाटकं काढली तर तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली सुमित्रा आत्महत्या करते. चेतन दातारांच्या 'एक माधवबाग'मध्ये आई मुलाची डायरी वाचते आणि तिला सगळं कळतं. ते नाटक आईचं आहे, फार मोलाचं आहे.

म्हणजे आपल्याकडे असा माणूस भेटतो तो प्रश्न म्हणून, दुःख म्हणून, नाहीतर आईच्या डोळ्यांतून. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराला रात्रपाळीला जाताना सोबत न्यावीशी वाटेल, जिच्यात दोघं भांडतील, रुसतील आणि शेवटी एकत्र घर करतील, अशी मराठी कादंबरी माझ्या कपाटात तरी नाही. याचं मला आज खरंच वाईट वाटलं.

१० डिसेंबर, बुधवार

त्याला पहिलं पुस्तक ई. एम. फॉर्स्टरचं 'मॉरिस' द्यायचं ठरवलं. शेवटी कुणी मरत नाही, आणि त्याचा धागा थेट कोल्हापूरपर्यंत येतो.

फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आला, आणि मायदेशी परतल्यावर १९१३ मध्येच त्याने 'मॉरिस' लिहायला घेतली. पुढे १९२१ मध्ये तो देवास थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. हे तुकोजीराव पवार म्हणजे राजर्षी शाहूंचे जावई, अक्कासाहेब महाराजांचे यजमान. त्यांचेच चिरंजीव विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर आले, ते छत्रपती शहाजी महाराज. देवासला असताना फॉर्स्टरने आपल्या मनातलं महाराजांपाशी उघड केलं, आणि महाराजांनी त्याला झिडकारलं नाही. शंभर वर्षांपूर्वीचा मराठा राजा! आमच्या गावातल्या शिकल्यासवरल्या लोकांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

कादंबरीत मध्यमवर्गीय मॉरिसचं मन आधी एका उमराव मित्रावर जडतं. तो मित्र कच खातो, लग्न करून मोकळा होतो. मग मॉरिसला भेटतो अ‍ॅलेक, त्याच मित्राच्या इस्टेटीवरचा शिकारीच्या रानाचा राखणदार. दोघं सगळं सोडून एकत्र राहतात. शेवट सुखाचाच हवा, यावर फॉर्स्टर अडून बसला होता. नायकाला फास लावून घेऊ दिला असता तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, हे त्याला कळत होतं. ते त्याने केलं नाही. असं प्रेम गुन्हा ठरवणारा इंग्लंडातला कायदा १९६७ मध्ये बदलला, फॉर्स्टर १९७० मध्ये वारला आणि पुस्तक १९७१ मध्ये आलं. एका गोड शेवटासाठी माणसाने हस्तलिखित जवळजवळ साठ वर्षं जपलं.

आपल्याकडे हे प्रेम गुन्हा नाही असा निकाल यायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडलं.

१४ डिसेंबर, रविवार

त्याचा मेसेज आला. 'मॉरिस' हळूहळू चाललीय, इंग्रजी जुनं आहे, पण अ‍ॅलेक आवडला. मी विचारलं, एरवी तुला काय आवडतं? 'मृत्युंजय' तीनदा वाचलीय म्हणाला. हे आधीच विचारायला हवं असतं कुणाही वाचकाला. अशा मुलाला त्याच्यासारखी माणसं भेटावीत ती त्याच्या आवडीच्या पुस्तकांत. रहस्यकथा आवडणाऱ्याला रहस्यकथेत, पौराणिक आवडणाऱ्याला पुराणात.

आपल्या जिल्ह्यात रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. इतिहास-पुराणावरची कादंबरी आमच्या अंगात मुरलेली आहे. तेव्हा मॅडेलिन मिलरची 'द साँग ऑफ अकिलीस' (२०११) त्याला कळणारच. ट्रॉयच्या युद्धाची कथा पेट्रोक्लस सांगतो आणि अकिलीस त्याचा जिवलग आहे. कर्णाची कवचकुंडलं माहीत असलेल्या वाचकाला अकिलीसचं भाकीत वेगळं समजावून द्यावं लागत नाही. मरण आहे त्यात, होमरनेच ठरवलेलं. ते मी त्याला आधीच सांगून टाकलं. तरी द्या म्हणाला. "युद्धात मेलेलं चालतंय मॅडम. लाजेनं मेलेलं नको."

हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवते आहे.

मेरी रेनॉल्टची 'द पर्शियन बॉय' (१९७२) पुढच्या वेळेला. तिच्यात सिकंदराची कथा बागोआस सांगतो आणि फौज हिंदुस्थानापर्यंत येते. रेनॉल्टचा अभ्यास दांडगा, लिहिणं संथ. घाई असलेल्याचं ते काम नव्हे.

१७ डिसेंबर, बुधवार

एका वाचनालयात ही नावं खरेदीसाठी दिली. "मागणी आली तर बघू." मागणी मीच आहे म्हटलं आणि अर्ज लिहून दिला.

बाल्डविनची 'जिओव्हानीज रूम' (१९५६) मात्र यादीतून काढली. थोर कादंबरी आहे, पण आत्ता त्याला ती नको.

२१ डिसेंबर, रविवार

रहस्यकथेत माझी निवड पक्की आहे, जोसेफ हॅन्सनची 'फेडआउट' (१९७०). डेव्ह ब्रँडस्टेटर विमा कंपनीसाठी मृत्यूचे दावे तपासतो. पुलावरून गाडी कोसळलेली, माणसाचा पत्ता नाही, विमा द्यायचा की नाही? डेव्ह समलिंगी आहे हे पुस्तक पहिल्यापासून सरळ सांगतं, पण रहस्य ते नव्हेच. त्याचा अनेक वर्षांचा जोडीदार नुकताच कॅन्सरने गेलाय. घरातली त्याची जागा रिकामी आहे आणि कामावर तर जायलाच हवं. जोडीदार गेल्यावर कुणाचंही होईल तसंच त्याचं झालंय. ते साधेपण वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत उभी राहिले. या डेव्हच्या एकूण १२ कादंबऱ्या आहेत, म्हणजे हंगाम संपेपर्यंतची सोय झाली.

निव्वळ रोमान्स हवा असला तर केसी मॅकक्विस्टनची 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' (२०१९). अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षीणबाईंचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र. थोडी लांबली आहे, पण हसू येतं, आणि हसू येणं ही त्याची गरज आहे.

२८ डिसेंबर, रविवार

अ‍ॅलिस ओझमनची 'हार्टस्टॉपर' चित्रकथा त्याने दोन रात्रींत संपवली. शाळेतला लाजरा चार्ली आणि रग्बी खेळणारा निक. फोनवर आवाज फुलून आला होता. "मॅडम, निक आपल्या तालमीत खेळत असता तर?"

खरंच की! शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा फुटबॉल सामना, गॅलरीत रेटारेटी, एका तालमीचा गोलकीपर आणि दुसऱ्या तालमीचा फॉरवर्ड. भांडण आयतंच मिळालं, अडथळा आयताच मिळाला, रंकाळ्यावरची भेळही मिळाली. प्रेमकथेला आणखी काय लागतं? त्याला म्हटलं, लिही. दहा पानं लिही, शुद्धलेखन मी बघते. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

४ जानेवारी, रविवार

आज त्याने आणखी एका माणसासाठी पुस्तक विचारलं. "मित्र आहे. सरकारी नोकरीत आहे, तपासणीला फिरतो. त्याला मारामारी आवडत नाही." आवाजावरून समजायचं ते समजले, जास्त विचारलं नाही.

मग टी. जे. क्लूनची 'द हाउस इन द सेरुलियन सी' (२०२०) सांगितली. चाळिशीचा लायनस बेकर सरकारी खात्यात आहे. बेटावरच्या एका अनाथाश्रमाची तपासणी त्याच्याकडे येते. तिथली मुलं जादूची, आणि त्यांना सांभाळणारा आर्थर. लायनस अहवाल लिहायला जातो आणि त्याचा जीव तिथेच गुंततो. शेवट त्याला हवा तसाच.

दोन प्रती मागव म्हटलं, म्हणजे एकमेकांसाठी थांबायला नको.