जलपर्णीची चटई

जलपर्णी दिसावयास मोठी देखणी असते. तकतकीत हिरवी पाने, फुगीर देठ आणि वर फिकट जांभळ्या फुलांचा तुरा! या रूपाला भुलूनच माणसाने तिला दक्षिण अमेरिकेतून देशोदेशी नेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि पाहुणी म्हणून आलेली ही वनस्पती घरची मालकीण होऊन बसली. अनुकूल पाण्यात ती सुमारे पंधरवड्यात दुप्पट पसरते. तिच्या दाट आच्छादनाखाली ऊन पोहोचत नाही, मासे प्राणवायूवाचून गुदमरतात, नावा अडून पडतात. तिच्या निर्मूलनासाठी १९३६ साली बंगालमध्ये कायदा झाला. पण ती कायद्यालाही बधली नाही. पुण्याच्या मुळा-मुठेला आणि उजनीच्या जलाशयालाही तिचा उपद्रव चांगलाच परिचित आहे.

आसामात गुवाहाटीजवळ दीपोर बील नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. काठावरच्या मच्छीमार कुटुंबांचे पोट त्यावरच चालते. जलपर्णीने त्यांची वाट अडविली, तेव्हा त्याच कुटुंबांतील सहा मुलींनी तिलाच कामाला लावले. केंद्र सरकारच्या एका तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने २०२१ साली त्यांनी तिच्या देठांपासून योगासनांसाठी चटई तयार केली. सरोवरावरील जांभळ्या पाणकोंबडीचे नाव त्यांनी तिला दिले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. ओल्या जलपर्णीत शंभरातील सुमारे ९५ भाग पाणीच असते. म्हणून भारेच्या भारे वाळवावे, तेव्हा थोडेसे देठ हाती लागतात. त्यातच मे ते ऑक्टोबर आसामात पाऊस कोसळतो आणि देठ ओलसर राहिले तर त्यांना बुरशी धरते. सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या वाळवणी यंत्राने ही अडचण दूर केली. त्यात सुमारे तीन दिवसांत देठ वाळतात. मग आसामी स्त्रियांच्या पिढीजात मागावर चटई विणली जाते. ती झिजली तरी मातीत मिसळून तिचे खत होते.

अशा चटयांनी सरोवर निर्मळ होईल, असे मात्र नव्हे. शहराचे सांडपाणी जलपर्णीला अन्न पुरवीत आहे, तोवर ती कितीही कापली तरी पुन्हा फोफावणारच. ते अन्न तोडणे हे शहरवासीयांचे काम आहे. काठावरच्या मुलींनी आपल्या वाट्याचे काम केले आहे.