मेहरौलीचा लोहस्तंभ आणि गंज

दिल्लीस गेलेली जैन कुटुंबे मेहरौलीच्या दादाबाडीत मणिधारी जिनचंद्रसूरींच्या समाधीचे दर्शन घेतात आणि वेळ उरल्यास जवळच्या कुतुबमिनारकडे वळतात. मिनार पाहून मान अवघडते. मग मशिदीच्या प्रांगणातील लोखंडी स्तंभापुढे मंडळी पाच मिनिटे थांबतात आणि “अष्टधातूचा आहे, कधी गंजत नाही,” हे वाटाड्याचे वाक्य ऐकून पुढे जातात. या वाक्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

प्रांगणाभोवतीच्या ओवऱ्यांच्या खांबांवर साखळ्या, घंटा आणि कलश कोरलेले आहेत. सत्तावीस मंदिरांची सामग्री येथे वापरल्याचे पूर्व दरवाजावरील फारसी लेखच सांगतो. ती मंदिरे हिंदू आणि जैन होती. जैन प्रवाशाची पावले येथे आपोआप मंदावतात.

मधोमध उभा असलेला स्तंभ मात्र त्या मंदिरांहूनही जुना. त्याची एकूण लांबी ७ मीटरहून थोडी अधिक असून त्यातील सुमारे एक मीटर भाग जमिनीखाली आहे. वजन ६ टनांहून जास्त. त्यावरील ब्राह्मी लिपीतील संस्कृत लेखात ‘चंद्र’ नावाच्या राजाचा गौरव आहे. हा राजा म्हणजे गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे स्तंभाचे वय सुमारे १६०० वर्षे. तो मूळचा येथील नव्हे. विदिशेजवळच्या उदयगिरीहून आणला असावा, असे अनेकांचे मत आहे.

त्यात आठ धातू नाहीत. ते जवळजवळ शुद्ध लोखंड आहे. लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाण्यात मीठ मिसळले की धातूच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म विद्युतप्रवाहास वाट मिळते आणि झीज वेगाने होते. धुराड्यातील गंधकाचे वायू दमट हवेत आम्ल बनतात, त्यानेही तेच घडते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ज्यांचा माल पावसाळाभर उघड्यावर पडून असतो, त्यांना हे निराळे सांगावयास नको. दिल्लीची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते आणि समुद्र फार दूर. शिवाय सहा टनांचे हे धूड दिवसभर तापते व रात्री सावकाश निवते, त्यामुळे त्यावर दव सहजी धरत नाही. तरीही साधे पोलाद इतकी शतके तेथे टिकले नसते.

खरा उलगडा फॉस्फरसमध्ये आहे. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा दीर्घ अभ्यास केला. प्राचीन लोहार कोळशाच्या भट्टीत लोखंडाचे गोळे काढीत आणि ते तापवून, ठोकून एकमेकांस जोडीत. त्या भट्टीत चुनखडी घालीत नसत, त्यामुळे खनिजातील फॉस्फरस लोखंडातच राहिला. त्याचे प्रमाण सुमारे पाव टक्का आहे. आजच्या पोलादात ते सामान्यतः ०.०५ टक्क्याहूनही कमी ठेवतात, कारण फॉस्फरसने धातू ठिसूळ होतो. पाव टक्का फॉस्फरसचा चाचणी दाखला पाहून आजचा व्यापारी माल परत पाठवील! पण याच दोषाने स्तंभ राखला. प्रारंभी तोही गंजलाच. त्या पहिल्या गंजाखाली फॉस्फरस साठत गेला, आणि ऋतुमानाप्रमाणे ओले होणे व वाळणे चालू राहिल्याने लोहफॉस्फेटचा पातळ, घट्ट थर तयार झाला. हा थर पाणी व प्राणवायू यांस आत शिरू देत नाही. सामान्य गंज भुसभुशीत असतो. तो पापुद्र्याने सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते.

म्हणजे स्तंभ गंजातूनच जगला आहे, आणि तेही केवळ हवेत. जमिनीखालच्या भागाची कथा वेगळी. १९६१ साली पुरातत्त्व खात्याने तो भाग उघडून पाहिला, तेव्हा त्यावर गंजाचे जाड थर आढळले. लोखंड तेच, घडवणारे हात तेच. पण ओल धरणाऱ्या, क्षार असलेल्या मातीत वाळण्यास उसंत मिळाली नव्हती. तो भाग साफ करून त्यावर शिशाचा पत्रा चढवण्यात आला. आज तो कोणास दिसत नाही, आणि वाटाडेही त्याविषयी बोलत नाहीत.

स्तंभाला पाठ टेकून मागे दोन्ही हातांची मिठी जुळली तर भाग्य उजळते, अशी समजूत होती. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला बिलगत राहिले. सततच्या घर्षणाने तेथील संरक्षक थर टिकेना, आणि घामातले मीठही लोखंडाला लागे. अखेर १९९७ साली भोवती कुंपण उभारण्यात आले. स्पर्शाने गुळगुळीत झालेला तो पट्टा वरच्या काळसर भागाहून वेगळा असून कुंपणाबाहेरूनही ओळखू येतो.