अंगणातली मॅटॅडोर

निवृत्त प्राध्यापकाने काय करावे, याविषयी आपल्या समाजाच्या काही ठाम कल्पना आहेत. त्याने प्रस्तावना लिहाव्यात, परिसंवादांची अध्यक्षस्थाने भूषवावीत आणि तरुण पिढी वाचत नाही अशी खंत अधूनमधून व्यक्त करावी. हे सर्व मी यथाशक्ती केले आहे. परंतु वयाच्या सहासष्टाव्या वर्षी बडोद्याच्या घराच्या अंगणात, १९८७ सालच्या एका मॅटॅडोरखाली उताणा पडून मी गंज खरवडू लागलो, तेव्हा शेजाऱ्यांनी कुंपणापलीकडून जी दृष्टी टाकली, तिच्यात कीव किती आणि कुतूहल किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कारण साधे होते. माझ्या पत्नीने तीस वर्षे इतिहास शिकवला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, सरफोजीराजांच्या काळात, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. तो छापील स्वरूपात तिने अनेकदा वाचला आहे. दगडावरचा वाचायचा राहिला. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला तासाभराहून अधिक बसवत नाही, आडवे व्हावे लागते. रेल्वेत आडवे होता येते हे खरे. पण फलाटांचे जिने आणि घाईने चढणे-उतरणे तिला झेपत नाही. तयार शयनवाहनाची किंमत ऐकून मी विषय बदलला. मग एका केटररकडची पडून असलेली मॅटॅडोर पंचेचाळीस हजारांना घेतली आणि उरलेल्या कामासाठी दीड लाख बाजूला काढले.

या गाडीच्या निवडीमागे थोडा विचारही होता. हँबुर्गच्या टेम्पो कारखान्याने १९४९ साली मॅटॅडोर काढली. तिच्याच कुळातली गाडी पुढे पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोने बनवली. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा तळाखालून न्यावा लागत नाही, आणि तळ सपाट व जमिनीच्या बराच जवळ राहतो. दुखऱ्या पाठीच्या माणसाला एक पायरी कमी चढावी लागणे ही लहान गोष्ट नव्हे. (बैलाला ठार मारणाऱ्या स्पॅनिश वीराचे नाव आपल्याकडे भाजीपाला आणि लग्नाची वऱ्हाडे वाहणाऱ्या गाडीचे सामान्यनाम झाले, याचे मला भाषेचा विद्यार्थी म्हणून फार समाधान वाटते.)

इंजिनाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. डिझेलच्या नळीत हवा शिरली की ते थांबते, हवा काढली की चालते. खरी झुंज पत्र्याशी होती. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात; कोण्या पूर्वीच्या मालकाने रंगावर रंग चढवून ती बुजवली होती. पावसाचे पाणी काचेच्या रबरातून आत उतरले आणि तिथेच राहिले. बाहेरून रंगाला एखादा फोड दिसावा आणि खरवडताच तळहाताएवढे भोक पडावे, असे रोज घडू लागले. बाजूच्या दाराखालची कड, जिच्यावर पाय ठेवून आत चढायचे, ती तर नुसत्या रंगाच्या आधाराने उभी होती.

तोवर पैसे संपत आले होते. मी त्या कडेत जाळी कोंबली, वर पुट्टी भरली, पॉलिशपेपरने घासली, रेडऑक्साइड मारले आणि दोन हात रंग दिला. काम इतके देखणे झाले की मी स्वतःच चकित झालो. संध्याकाळी पत्नीला दाखवायला बोलावले. तिने ते बराच वेळ पाहिले, हातातली विणकामाची सुई त्या कडेवर टेकवली आणि जरा दाबली. सुई आत गेली.

“अहो, इथेच मी पाय ठेवणार होते ना?” एवढेच ती म्हणाली. थोड्या वेळाने घरात जाता जाता म्हणाली, “तुमची ही जुनीच सवय.”

तिचा रोख मला कळला. एकोणीसशे नव्वदच्या दशकात एका दिवंगत कविमित्राच्या वह्यांचे मी संपादन केले. वाळवीने काही पाने खाल्ली होती. हरवलेल्या जागी मी ओळी रचल्या, त्याच्या छंदात, त्याच्या शब्दकळेत, आणि कुठेही खूण न करता त्या छापल्या. संपादनशास्त्र विद्यार्थ्यांना शिकवणारा मी. पुरवलेला मजकूर चौकटी कंसात घालावा, हे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. मुद्रणप्रत मात्र पत्नीने तयार केली होती. ती तेव्हा काही बोलली नव्हती. त्या ओळींवर पुढे दोघा-तिघांनी लेखही लिहिले. एकाने तर त्यांतच कवीचा उत्तरकालीन विकास शोधला.

दुसऱ्या दिवशी मी पुट्टी फोडली. वेल्डर आला. त्याने बॅटरी सोडवली, डिझेलची टाकी उतरवली, वाळूची बादली जवळ ठेवली, आणि निरोगी पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापत गेला. ते कापणे पाहवत नव्हते. माझ्या अंदाजाच्या तिप्पट लांबी गेली. नवा पत्रा त्याने सलग न जोडता इथे एक, तिथे एक असे टाके घालत जोडला; एकदम जोडला तर तापून वाकडा होतो. शेवटी विचारले, “सर, शिवण घासून गायब करू?” मी नको म्हटले. गंज लागू नये म्हणून तिच्यावर रंग दिला, पण ती उंचवट्यासारखी दिसते आणि बोटाला लागते.

त्या खर्चाने कपाटे गेली, छोटा फ्रीज गेला. ते बरेच झाले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. आम्ही आत ठेवले ते सारे सुटे: पिंजाऱ्याकडून पुन्हा भरून घेतलेली गादी आणि चार लाकडी पेट्या. सयाजीराव महाराजांच्या काळी संस्थानातल्या खेड्यांत अशाच पेट्यांतून पुस्तके फिरत.

जुलैत पहिला मोठा पाऊस आला, त्या रात्री गळती तपासायला आम्ही अंगणात गाडीतच झोपलो. टपावर पावसाचा आवाज इतका होता की बोलणे अवघड. पाऊस जरा ओसरल्यावर मी तिला सांगितले की प्रकाशकाला पत्र लिहिले आहे, पुढच्या आवृत्तीत त्या ओळी कंसात जातील.

“किती ओळी लिहिल्यात?”

“नऊ.”

अंधारात ती काही वेळ गप्प होती.

“मी अकरा मोजल्या होत्या,” ती म्हणाली. “सकाळी वही काढा.”