शंभरात दहा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत 1974 साली प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण सूत्रधार होऊन कथा सांगू लागतो, बाकीचे त्या कथेतील पात्रे होतात आणि जिथे यशापयशाचा प्रश्न येतो तिथे फासे टाकले जातात. आता आपल्याकडील तरुणांनाही त्याची गोडी लागली आहे. आमचा भाचा आणि त्याचे मित्र रविवारची मिस्सा आटोपली की दुपारभर त्यातच गढलेले असतात. राक्षस, जादूटोणा आणि नाना देवता यांनी भरलेला हा खेळ ख्रिस्ती मुलांनी खेळावा का, यावर 1980 च्या दशकात अमेरिकेत मोठे वादळ उठले होते. त्या वादात शिरण्याचा आमचा मानस नाही. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. या खेळात देवाला हाक कशी मारावी आणि ती केव्हा ऐकली जावी, याचा लेखी नियम आहे!

खेळात 'क्लेरिक' नावाचे एक पात्र असते. क्लेरिक म्हणजे देवतेची उपासना करणारा, जखमा भरून काढणारा, भुताखेतांना पळवून लावणारा पुरोहित. आरंभी त्याला धारदार शस्त्र वर्ज्य होते. 1974 च्या मूळ पुस्तिकेत साहसवीरांनी विकत घ्यावयाच्या सामानाची यादी आहे. तीत दोरखंड आणि मशालींबरोबर लाकडी क्रूस 2 सुवर्णनाण्यांना, चांदीचा क्रूस 25 नाण्यांना आणि पवित्र पाण्याची कुपीही 25 नाण्यांना मिळते. वाचकांना हसू येईल, आम्हालाही आले. पुढे 1976 मध्ये आणि पुन्हा 1980 मध्ये देवतांविषयीची स्वतंत्र पुस्तके निघाली. त्यांत ग्रीक, इजिप्शियन देवांबरोबर आपल्या शेजारघरी ज्यांची पूजा होते त्या इंद्र-विष्णूंनाही बळाचे आणि प्राणशक्तीचे आकडे चिकटवलेले आहेत. आकडा आला की तो शून्यावर आणता येतो. खेळाडू देवांशीच लढू लागले यात नवल ते काय? बायबलमधील परमेश्वराला त्या पुस्तकाच्या कर्त्यांनी या मोजदादीतून वगळले, हे त्यांचे शहाणपण म्हणायचे.

परंतु आमच्या मते खरा विचार करण्याजोगा नियम 2014 च्या आवृत्तीतला आहे. क्लेरिक दहाव्या पायरीला पोहोचला की त्याला संकटात आपल्या देवतेचा धावा करता येतो. कोणते साहाय्य हवे ते त्याने सांगावे आणि दहा बाजूंचे दोन फासे टाकून 1 ते 100 मधला आकडा काढावा. आकडा आपल्या पायरीइतका वा त्याहून कमी आला तर देवता धावून येते. म्हणजे शंभरात दहा वेळा! साहाय्य कोणत्या रूपाने यावे हे मात्र सूत्रधार ठरवतो, मागणारा नव्हे. देवता एकदा धावून आली की पुढील सात दिवस पुन्हा हाक मारता येत नाही. विसाव्या, अखेरच्या पायरीवर तेवढी हाक वाया जात नाही.

भाच्याच्या क्लेरिकने एकदा असा धावा केला होता. एका गावाला शत्रूच्या सैन्याने वेढा घातला होता, सारे मंत्र संपले होते. फाशांवर 64 आले.

या नियमाविषयी खेळाडूंची तक्रार असे, की दहात नऊ वेळा फुकट जाणारी शक्ती काय कामाची? 2024 साली सुधारित आवृत्ती आली आणि फासे गेले. आता क्लेरिकने ठरावीक श्रेणीपर्यंतचा आपला कोणताही मंत्र निवडावा. दिवसातून एकदा तो हमखास फळतो. खेळ म्हणून ही सुधारणा सोयीची असेलही. पण तिच्यात देवता उरली कुठे? मागणारा स्वतःच निवडतो, स्वतःच मिळवतो. नकार देण्याची मोकळीक ज्याला नाही त्याच्याशी संवाद होत नाही. जुन्या नियमात निदान पलीकडे कोणीतरी होते.

हे सारे खेळापुरतेच असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमच्या मातोश्री आजारी असताना घरात नोव्हेना चालू होती. सहाव्या दिवशी त्यांना इस्पितळात हलवावे लागले आणि त्या रात्रीची प्रार्थना राहून गेली. त्या देवाघरी गेल्यावर सांत्वनाला आलेल्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी आमच्या धाकट्या बहिणीला जवळ घेऊन म्हटले, "एक दिवस मोडला ना गं, म्हणून झालं हे." बाईंच्या मनात दुष्टावा नव्हता. परंतु ते वाक्य बहिणीने कित्येक वर्षे उराशी वागवले. प्रार्थना हमखास फळते असे एकदा मानले, की न फळलेल्या प्रार्थनेला कोणीतरी अपराधी शोधावाच लागतो. आणि तो बहुधा घरातला सर्वांत हळवा जीव असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, 2111 व्या परिच्छेदात, अंतःकरणाची वृत्ती बाजूला सारून प्रार्थनेचे फळ केवळ तिच्या बाह्य उच्चाराला चिकटवणे म्हणजे अंधश्रद्धेत पडणे, असे बजावले आहे. आम्ही तो परिच्छेद बहिणीला वाचून दाखवला होता.

अर्थात परमेश्वर फासे टाकून उत्तरे देत नाही. मत्थियाची निवड करताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या खऱ्या, पण त्याआधी त्यांनी प्रार्थना करून निवड प्रभूवर सोपवली होती. संत पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि कृपा मिळाली. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष पुत्राने प्याला दूर व्हावा म्हणून याचना केली. प्याला दूर झाला नाही. मात्र संत लूक लिहितो की, त्याला बळ देण्यासाठी स्वर्गातून देवदूत आला. फाशांना हे साधत नाही. 64 पडले की 64 पडले, त्या आकड्याला पुढे काही सांगायचे नसते. पुढचे सांगायला सूत्रधार लागतो, आणि सोबतीला माणसे लागतात.

म्हणूनच 64 आल्यावर पुढे काय झाले, असे आम्ही भाच्याला मुद्दाम विचारले. देवता आली नाही, तो म्हणाला. मग सर्वांनी मिळून मध्यरात्री गावकऱ्यांना ओढ्याच्या कोरड्या पात्रातून बाहेर काढायचे ठरवले. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतले, क्लेरिकने आपली ढाल एका आजीला बसायला दिली आणि दोघांनी ती दोन्ही बाजूंनी उचलली. त्या रविवारी त्यांचा उरलेला सगळा वेळ त्या एका वाटचालीतच गेला. कंटाळा आला का, असे विचारता तो म्हणाला, "छे! किती तरी माणसं होती, एकेकाला पोहोचवायचं होतं."